मोहमराचे आकडे वाचण्याआधी

प्रिय श्रीधर,

मोहमरा बंदराचे जुने व्यापार-अहवाल तू वाचायला घेतलेस, याचा फार आनंद झाला. पण रकान्यांत शिरण्याआधी कारून नदी समजून घे. तिच्याशिवाय त्या आकड्यांतलं निम्मंही हाती लागत नाही.

मोहमरा म्हणजे इराणमधलं आजचं खुर्रमशहर. कारून जिथे हफ्फार कालव्यातून शत्त-अल-अरबला (तैग्रिस-युफ्रेटिसच्या एकत्र प्रवाहाला) मिळते, तिथलं हे गाव १८४७ च्या उस्मानी-इराणी एर्झुरूम तहाने इराणकडे आलं. १८५७ च्या मार्चमध्ये ब्रिटिश सेनानी ऊट्रमच्या फौजेने त्यावर हल्ला केला. ती मोहीम मुंबईहूनच निघाली होती. व्यापाराच्या दृष्टीने मात्र १८८८ हे साल मोठं. त्या ऑक्टोबरात इराणच्या नासिरुद्दीन शाहने खालची कारून परदेशी आगबोटींना खुली केली आणि लिंच या ब्रिटिश कंपनीच्या फेऱ्या सुरू झाल्या.

'खालची' म्हणजे मुखापासून अहवाझ गावापर्यंतची. तिथे पात्रात खडकांचे पट्टे आडवे गेलेत, त्यात इस्लामपूर्व सासानी राजांच्या काळातल्या बंधाऱ्याचे अवशेष. आगबोट पुढे जात नसे. म्हणून माल उतरवायचा, काठाने खेचरांच्या ट्रामवरून नेऊन वरच्या अंगाला दुसऱ्या बोटीत भरायचा आणि मग वरच्या शुस्तर गावाकडे. दर चढउताराला हमाली वाढे, गाठी फाटत, साखरेला ओल लागे. शरदात पाणी उतरलं की बोटी वाळूत रुतत, मग कमी माल भरूनच निघावं लागे. वसंतात बख्तियारी डोंगरांतलं बर्फ वितळून नदी फुगे. तेव्हा खोली भरपूर, पण प्रवाहाविरुद्ध चढताना इंधन आणि वेळ दोन्ही जास्त जाई. एखाद्या वर्षी साखर-कापड कमी गेलेलं दिसलं, तर मागणी घटली असं लगेच ठरवू नकोस. आधी पाणी किती होतं ते बघ.

खजुराचं गणित अगदी वेगळं. ऑगस्टअखेर ते नोव्हेंबर हा त्याचा हंगाम, म्हणजे ऐन उतरत्या पाण्याचा. तरी त्याचं अडत नसे, कारण बागा शत्त-अल-अरबच्याच काठी होत्या. भरतीच्या जोराने गोडं पाणी दिवसातून दोनदा पाटांत चढे, बागा आपोआप भिजत, आणि फळ बागेतून थेट गलबतात किंवा आगबोटीत जाई. हलावी, खदरावी, सायर या जाती लाकडी खोक्यांतून लंडन-न्यूयॉर्कला जात. हिंदुस्थानसाठीचा माल बहुधा झावळ्यांच्या टोपल्यांतून येई. अडचण एकच, नदीच्या मुखाशी फाव गावाजवळचा वाळूचा दांडा. जास्त खोल बुडणाऱ्या जहाजाला भरतीची वाट पाहावी लागे, नाहीतर माल हलका करावा लागे. म्हणून खजूर आणि कारूनवरचा माल एकाच बेरजेत घेऊ नकोस.

गव्हाचा रकाना तर फारच फसवा. हिवाळी पाऊस हुकला की सरकार निर्यातबंदी घाली. त्यामुळे कागदावरच्या शून्याचा अर्थ पीक नव्हतं असा होत नाही.

आयातीत 'हिंदुस्थानातून' असं लिहिलेलं सगळं आपलं नव्हे. १८६२ पासून मुंबई-बसरा टपाल आगबोटी चालत. मँचेस्टरचं कापडही मुंबईत जहाज बदलून तिकडे पोचे. १८९९ ला इस्फहानचा बख्तियारी रस्ता सुरू झाल्यावर अहवाझच्या मालाला नवी वाट मिळाली, पण ती खेचरांची. खेचराच्या दोन्ही अंगांना सारखं वजन लागतं, म्हणून मोठी गाठ तिथे निरुपयोगी. व्यापाऱ्याला बांधणीच बदलावी लागे.

आता किमतींबद्दल. इराणचं नाणं क्रान चांदीचं, आणि चांदी घसरत होती. १८९० च्या सुमारास एका पौंडाला चौतीस-पस्तीस क्रान पडत, १९०० पर्यंत पन्नासच्या आसपास. क्रानमधली वाढ दिसली की आधी पौंडात फिरवून घे, आणि शक्य तिथे किमतीऐवजी वजन किंवा खोकी मोज. शिवाय जकात तेव्हा इजाऱ्याने, म्हणजे ठरीव रकमेच्या मक्त्याने, दिलेली असे. इजारदाराला खरं उत्पन्न दाखवण्यात तोटाच, कारण पुढच्या वर्षी इजाऱ्याची रक्कम वाढणार. पुढे बेल्जियन अधिकाऱ्यांनी जकात हाती घेतली, तेव्हा नोंदी सुधारल्या आणि आकडे त्यामुळेही फुगले. त्या बदलाच्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे एका आलेखात जोडू नकोस. दोन वेगळे तक्ते कर आणि मला पाठव.

तुझा,
विनायक