संज्या, दाढी भेटला. म्हणजे नाही भेटला.

प्रिय संज्या,

फोनच करणार होतो, पण फोनवर तू मधेच ज्ञान द्यायला सुरू करतोस म्हणून टाईप करत बसलोय. आता पूर्ण वाचल्याशिवाय तुला तोंड उघडता येणार नाही. तब्येत ठीक. शुगर आहे तेवढीच. आईच्या गुडघ्याचं डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करूया, आई म्हणते नको. संपलं.

तर दाढी, दोन हजार साली बँकेतून पैसे घेऊन गेलेला माझा धंद्यातला भागीदार. बाळूकाकांच्या धाकटीचं लग्न होतं, जेवणाच्या लाईनीत उभा होतो आणि पुढे चार माणसं सोडून तो. तीच मान, तोच चेक्सचा शर्ट, बोलताना दाढी कुरवाळायची तीच सवय. माझ्या पोटात एकदम गोळा, कानशिलं गरम, हातातलं ताट थरथरायला लागलं. इतकी वर्षं जे भाषण मी बाथरूममध्ये, गाडीत, रात्री छताकडे बघत पाठ केलंय ते तयारच होतं. तुला माहितीये कुठलं, तूच अर्धं ऐकलंयस आणि उरलेल्या अर्ध्याला घोरत होतास. लाईन तोडून गेलो, खांद्यावर हात टाकला, तो वळला.

मर्दा, दाढी नव्हताच तो! कराडकडच्या कुठल्यातरी साखर कारखान्यात केमिस्ट आहेत, नवऱ्या मुलाचे मामा. मला म्हणतात, "मुलीकडचे ना? मठ्ठा फार छान झालाय." मी म्हटलं हो, मठ्ठा छान झालाय. दुसरं काय म्हणणार?

हसून घे. हिला सांगितलं तर म्हणाली चष्म्याचा नंबर वाढलाय. पण तुला का लिहितोय ते तुला कळेल. दाढी त्या हॉलमध्ये नव्हता, त्या गावातही नसेल. समोर एक भला माणूस मठ्ठा पीत होता आणि माझं अंग मात्र दोन हजार सालच्या त्या सकाळी होतं तसंच्या तसं पेटलं होतं. मग हे पेटवलं कुणी? दाढीने तर नाही, तो हजरच नाही. मामांनी तर नाहीच नाही.

आणि खरी गंमत पुढेच. माणूस चुकला हे कळल्यावरही राग लगेच गेला नाही, बिनपत्त्याचा घुमत राहिला. मी ताट घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलो, शेजारी कुणाचं तरी पोरगं जिलेबीची वेटोळी सोडवून सरळ करत होतं, ते बघत बसलो आणि कधीतरी लक्षात आलं की आत एकदम शांत आहे. दीर्घ श्वास नाही, नामस्मरण नाही, "दाढीला माफ केलं" असलं काही नाही. मी काही केलंच नव्हतं. येताना गाडीत मुद्दाम दाढीचा तो बँकेचा चेक आठवून बघितला तर गोळा परत हजर. सोडला तर गेला. हिने विचारलं काय चाललंय तुमचं, म्हटलं टेस्टिंग.

आता तू तिकडे गालात हसत असणार. तू तो सिडनी बँक्सचा व्हिडिओ पाठवला होतास आणि खाली लिहिलं होतंस, "तुझ्याच धंद्यातला माणूस आहे, निदान वेल्डर म्हणून तरी ऐक." मी तेव्हा अंगठा पाठवला आणि बघितला नव्हता. परवा रात्री बघितला. स्कॉटलंडचा माणूस, कॅनडात जाऊन कागदाच्या लगद्याच्या मिलमध्ये वेल्डिंग करायचा, शाळा फारशी नाही, आणि १९७३ साली एका शिबिरात कुणीतरी त्याला म्हणालं की तू असुरक्षित नाहीस, तुला तसं फक्त वाटतंय, आणि हा गडी तिथेच हलला. त्याचं म्हणणं एवढंच ना, की आपल्याला जे जाणवतं ते परिस्थितीचं नसतं, त्या क्षणी डोक्यात जो विचार चालू आहे त्याचं असतं. आणि विचार ओसरला की खाली जे उरतं ते मुळातच ठीक असतं, ते कमवावं लागत नाही. २००९ ला गेला तो, नाहीतर मी त्याला थोडं भांडलो असतो.

कारण एक सांग, पायावर वेल्डिंगचा स्पॅटर, म्हणजे वितळलेल्या धातूचा थेंब, पडला की जे होतं तो विचार आहे का? माझ्या हेल्परच्या पायाला विचार तर. चटका चटकाच असतो. हां, चटक्यानंतर दोन तास मी त्याला "बूट का घातले नाहीस, अक्कल आहे का" करत वर्कशॉपभर फिरतो, तो चटका नाही, हे मान्य. पण ही बँक्सची मंडळी बोलायला लागली की पहिल्या चटक्यालाही त्यात ओढतात आणि तिथे माझं डोकं फिरतं. रॉजर मिल्स म्हणून त्यांचा एक सायकॉलॉजिस्ट मायामीच्या गरीब सरकारी वसाहतीत जाऊन हेच शिकवत होता म्हणे, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. चांगलंच केलं असेल. पण ज्याच्या घरात खायला नाही त्याला "हे तुझ्या विचारात आहे" कुणी म्हटलं तर मी त्या माणसाच्या बाजूने उभा राहीन. तू लगेच म्हणशील बँक्स तसं म्हणत नाही. मग त्याच्या चेल्यांना सांग.

आणि तुझं पण एक काहीतरी ठरव रे. हॉस्टेलला असताना तू अल्बर्ट एलिसचा, त्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा, भक्त. त्याचे विचार मराठीत आणणाऱ्या कि. मो. फडक्यांची पुस्तकं उशाला घेऊन झोपायचास, मेसमध्ये भात कच्चा निघाला तरी आम्हाला सांगायचास की भात तुम्हाला त्रास देत नाहीये, भाताबद्दलची तुमची समजूत त्रास देतेय. एलिसने तरुणपणी लाजाळूपणा घालवायला न्यूयॉर्कच्या बागेत महिनाभरात शंभर बायकांशी गप्पा मारल्या हे ऐकून तू रंकाळ्यावर प्रयोग केलास आणि पहिलीच निघाली आपल्या वॉर्डनची भाची. एलिसला शंभरातून एक तरी भेटायला तयार झाली, ती पण आली नाही म्हणा. तुला रूम बदलावी लागली.

पण आता मला त्या दोघांतला फरक कळतोय असं वाटतं. एलिस म्हणतो विचाराला कॉलर धरून विचार, पुरावा काय, असंच व्हायला पाहिजे हे कुठे लिहिलंय. मी दाढीच्या बाबतीत वर्षानुवर्षं हे केलंय, तुझ्याच सांगण्यावरून, वहीत लिहून. दर वेळी वाद मी जिंकायचो आणि झोप जायची, कारण वाद घालायला दाढीला परत समोर बसवावंच लागायचं. बँक्स म्हणतो हात लावू नको, तो विचार आहे एवढं दिसलं की पुरे. वेल्ड केलेला जॉब आपोआप गार होतो संज्या, घाई करून पाण्यात बुडवलास तर चीर पडते. हे मला कुणी कॅनडातून सांगायची गरज नव्हती. तू बरोबर होतास असं मी म्हणत नाहीये. दोन्ही वेळी बरोबर कसा असशील?

आता मुद्दा, ज्यासाठी हे सगळं. ओंकारला लेझर कटिंग टाकायचंय, त्या इचलकरंजीच्या मित्राबरोबर, निम्म्या निम्म्या भागीदारीत. महिना झाला मी नाही म्हणतोय. कारण विचारलं की आवाज चढतो. तो मित्र कामाला चोख आहे, घरचे चांगले आहेत, आणि त्याने, काय सांगू, दाढी ठेवलीये. तो घरात आला की मला तो दिसतच नाही, तो केमिस्ट मामा होतो. ओंकार परवा म्हणाला, "बाबा, तुम्ही त्याच्याशी कुणा दुसऱ्याच माणसाशी बोलल्यासारखं बोलता." लागलं ते.

पण मग भीती वाटते की हे सगळं विचार आहे म्हणून सोडून दिलं आणि पोरगं फसलं तर? दाढीने पैसे नेले ते काही माझ्या डोक्यात नेले नव्हते, बँकेतून नेले होते. यावर दोन रात्री घोळत होतो आणि मग असं वाटलं की त्या प्रकरणात माझं खरं वाटोळं केलं ते फर्म रजिस्टर न केल्याने. १९३२ च्या भागीदारी कायद्याचं कलम ६९, वकिलाने तेव्हा सांगितलं होतं, नोंदणी नसलेल्या फर्मच्या भागीदाराला करारावरून दुसऱ्या भागीदारावर दावाच लावता येत नाही. आणि हिशेब मागायचा तरी हिशेबाच्या वह्या होत्या कुणाकडे? दाढीकडेच. आता भागीदारीचं डीड, म्हणजे करारपत्र, नीट करा, रजिस्टर करा, चेकवर दोघांच्या सह्या ठेवा, हे सांगायला माझ्या पोटात गोळा कशाला लागतो? उलट गोळा असताना मी हे एकदाही सांगितलं नाही, नुसता "मला माणसं कळतात" म्हणून ओरडलो.

अजून खात्री नाही. रात्री तीनला परत दाढी येतो, तेव्हा हे ज्ञान कुठे जातं देव जाणे. पण सकाळी चहा होईपर्यंत उतरतो, पूर्वी तीन तीन दिवस मुक्काम असायचा.

तुझं काय? ट्रान्स्फरचं झालं का? वहिनींच्या क्लासला मुलं वाढली म्हणे, छान. चिन्मयला दहावीचं फार पिळू नकोस, तू काय दिवे लावले होतेस ते मला माहितीये.

बँकेत तू भागीदारीची डीडं रोज बघतोस. ओंकारचा मसुदा सोबत पाठवतोय, तुझ्या डोळ्याखालून घाल, विशेषतः एकजण बाहेर पडला तर मशीन कुणाचं आणि हप्ते कोण भरणार, तिथे पोरांनी "परस्पर सामंजस्याने" एवढंच लिहिलंय. रविवारच्या आत सांग, रविवारी त्या पोराला जेवायला बोलावलंय.

तुझा,
बंड्या

ता. क. रंकाळ्याची गोष्ट मी ओंकारला सांगितली. सॉरी नाही.