टिटवीचं घर

चि. सौ. ताईस,
अनेक आशीर्वाद.

छकुलीला शाळेतून प्राण्याचं घर करून आणायला सांगितलंय, असं तू काल फोनवर म्हणालीस. दुकानात मिळतं तसं थर्माकोलचं जंगल आणि त्यात प्लॅस्टिकचा सिंह, असलं काही करू नकोस. लेकरानं सिंह कुठं बघितलाय? टिटवी बघितलीय. मे महिन्यात शेतातल्या आखाड्यावर डोक्यावरून ओरडत घिरट्या घालत होती, तीच. तिचंच घर करा.

टिटवी काही बांधत बसत नाही. उघड्या रानात जरासा खळगा करते, त्यात खडे सारते, की झालं. तीन-चार अंडी, टोकं आत. रंग मातकट, वर काळे ठिपके. पायाशी असली तरी दिसत नाहीत. छकुली विचारेल, यात घर कुठंय? लगेच सांगू नकोस. तिलाच विचार, तेव्हा अंडी आपल्याला का दिसली नव्हती? तिचं ती सांगेल. झाड, गवत, छप्पर चिकटवायचा हट्ट धरेल, तेव्हा एवढंच सांग की टिटवी सहसा झाडावर बसत नाही आणि तिला लांबून येणारं कुत्रं दिसावं लागतं. मोकळी जागा हेच तिचं घर.

बुटाच्या खोक्याचं झाकण घे. काळी माती चाळून, भिजवून त्यात पातळ थापा आणि उन्हात ठेवा. वाळली की आपोआप भेगा पडतील, उन्हाळ्यातल्या रानासारख्या. अंडी मात्र नुसत्या काळ्या मातीची करू नका, तडकतात. माती मळताना चिमूटभर कापूस पिंजून घाला. वरून राखेचं पाणी लावा आणि ठिपके छकुलीला कोळशानं देऊ दे. वेडेवाकडे दिले तर फार चांगलं, खऱ्या अंड्यांवर तसेच असतात. तू हात लावू नकोस. टिटवी पुठ्ठ्याची कापा, पाय खराट्याच्या काड्यांचे, हळदीनं पिवळे. डोळ्यापुढच्या लाल कातडीला कुंकू. एका कडेला बाटलीचं झाकण पाणी म्हणून ठेवा. कडक उन्हात टिटवी पोट भिजवून येते आणि अंड्यांवर बसते, त्यानं ती गार राहतात. २८-३० दिवस नर-मादी आळीपाळीनं बसतात. पिल्लू बाहेर आलं की थोड्याच वेळात चालायला लागतं, म्हणून त्याला घरट्याची गरजच फार दिवस नसते. हे छकुलीला सांग, तिला आवडेल.

आपल्याकडं म्हणतात, टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस जोरात, चार घातली की चारही महिने. मला ते पटत नाही, पण त्या निमित्तानं माणसं खाली बघून चालतात. तुझे बाबा अजून अंडी दिसली की तेवढं औत वळवून घेतात. ही गोष्टही तिच्या कानावर घाल.

सगळं वाळलं की जावईबापूंना अंडी शोधायला लाव. लगेच सापडली तर आणखी खडे टाका.

बाबा गुरुवारी लातूरला येतायत. आपल्या रानातली माती, खडे आणि बाभळीचा डिंक त्यांच्याजवळ देते. डिंक रात्रीच पाण्यात भिजत घाल, सकाळी खडे चिकटवायला होईल.

तुझी,
आई