भ चा म होऊ नये म्हणून तुमची नजर हवी

सप्रेम नमस्कार,

पावतीपुस्तक घेऊन आलेलो नाही. युनिफॉन्ट या मुक्त फॉन्टच्या कामासाठी आम्हाला तुमचा थोडा वेळ हवा आहे.

संगणकाकडे एखाद्या लिपीचा फॉन्ट नसला की अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. निदान काहीतरी वाचता यावं, म्हणून रोमान चिबोरा यांनी १९९८ मध्ये युनिफॉन्ट सुरू केला. पुढे पॉल हार्डी यांनी तो नेटाने चालवला. जगातल्या असंख्य लिप्या यात आहेत आणि तो कुणालाही फुकट वापरता, बदलता, वाटता येतो. दिसायला ओबडधोबड आहे, हे आधीच सांगून टाकतो. सुबक अक्षर हवं असेल तर हा फॉन्ट तुमच्यासाठी नाही.

यातलं प्रत्येक अक्षर ठिपक्यांचं. उंची १६ खण, रुंदी ८ किंवा १६. काळा खण म्हणजे १, पांढरा म्हणजे ०, आणि ही सगळी चित्रं एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये हेक्साडेसिमल, म्हणजे सोळाच्या पटीतल्या, आकड्यांनी लिहिलेली. चार खणांना एक आकडा: १ म्हणजे ०००१, ८ म्हणजे १०००. रोमन कॅपिटल ‘ए’च्या ओळीत सुरुवातीच्या शून्यांनंतर १८ येतो: आठातले मधले दोन खण काळे, म्हणजे अक्षराचं टोक. मग २४, ते दोन खण फाकले. मग ४२, आणखी फाकले. एकदा हे कळलं की फाइल वाचताना अक्षर डोळ्यांपुढे उभं राहतं.

देवनागरीत मात्र १६ खणांत कसरत होते. वर मात्रा, खाली उकार, मध्ये शिरोरेषा. अक्षराच्या अंगाला उरतात जेमतेम आठ-नऊ ओळी. ‘ध चा मा’ आपण सगळ्यांनी ऐकलाय. इथे शिरोरेषेतली फट एका ठिपक्याने बुजली की भ चा म होतो, ध चा घ होतो. काढणाऱ्याला ती लिपी वाचता येत नसेल तर त्याला चूक दिसतच नाही, आणि आपल्याला न येणाऱ्या लिप्यांत आपणही तेच करतो.

म्हणून लिपी रोज वाचणारे लोक हवेत. मोडी जाणणारे तर आवर्जून या. जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला एक क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये तिला जागा मिळाली २०१४ मध्ये, पण तिचं वळण ओळखणारे डोळे कमी आहेत. कोडिंग येण्याची गरज नाही. चौकटीच्या वहीत पेन्सिलने खण भरून फोटो पाठवलात तरी आकडे आम्ही करू.

जोडाक्षरांची तक्रार मात्र नको. एका क्रमांकाला एकच चित्र असा हिशोब असल्याने ‘क्ष’चे तुकडे सुटे दिसतात, आणि ते आपल्या हातून सुधारणारं नाही.

चित्रासोबत लिपीचं नाव, युनिकोड क्रमांक आणि ते वळण कुठल्या छापील पुस्तकात पाहिलंत ते लिहा. चित्र घेतलं गेलं की ते त्याच मुक्त परवान्याखाली सगळ्यांचं होतं. हे मान्य असेल तरच पाठवा.