आखाजीला आली नाही म्हणून

आई, बाबा, सा.न.

आई रागावलीये ते कळलं मला, फोनवर नुसतं हं हं करत होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी न गेलेल्या पोरीला आपल्याकडे काय काय बोलतात ते नको सांगू, पण इकडे चोपड्यात त्या दिवशी इतकी लग्नं होती की सकाळी सहापासून वऱ्हाडाच्या गाड्यांची लाईन, मधे केळीचे ट्रक, आणि आमच्या पेट्रोल पंपावरची दोन पोरं सुट्टीवर कारण त्यांच्याच घरी लग्न. शेठ म्हणे मॅडम तुम्ही तरी थांबा. थांबली.

बाबा, तुम्ही मात्र हसत विचारलं, काय गं, तुमच्या पंपावर माप मारतात का? गंमतच होती पण लागलं थोडं. लहानपणी अमळनेरला जाताना तुम्ही पंपावर आम्हाला खाली उतरवायचे, मशीनला नाक लावून झिरो बघायचे, शंभरचं न टाकता एकशेदहाचं टाकायचे, आणि वर बाहेर आल्यावर गाडी हलवून टाकीचा आवाज ऐकायचे. मला लाज वाटायची. आता तसे वीस बाबा रोज येतात माझ्याकडे. आणि ते एकशेदहाचं खरं नाही हो, मशीनमधे कोणी गडबड केली तर ती शंभरलाही मारेल आणि एकशेदहालाही.

मागच्या आठवड्यात एक आजोबा आले लुनावर, डोक्याला उपरणं, दोनशेचं टाकलं आणि आमच्या पोराशी भांडायला लागले की कमी टाकलं. पोरगं बोललं उलट. मी केबिनमधून आली, म्हटलं आजोबा, पाच लिटरचं माप लावून दाखवते. ते सरकारच्या वैधमापन खात्याच्या शिक्क्याचं माप असतं ना, मागितलं की दाखवावंच लागतं, कोणी मागतच नाही ती गोष्ट वेगळी. आधी माप पेट्रोलने ओलं करून निथळवलं, मग बरोबर पाच लिटर टाकलं. आजोबा उकिडवे बसले, चष्मा काढून मापाच्या मानेवरच्या खुणेला डोळा लावला, ऊन ४४ डिग्री, मागून हॉर्नवर हॉर्न, पण हा माणूस हलेना. पंधरा मिली कमी निघालं. मी सांगितलं पाच लिटरला २५ मिली इकडेतिकडे चालतं, नियमच आहे. तर म्हणे, "मंग मनं पंधरा मिली दे ना माय!" सगळी लाईन हसली. मी पण. रात्री झोपताना मात्र डोक्यात आलं की माणूस बरोबरच बोलला, त्याला दोनशेत दोन लिटर पण मिळत नाही.

तसं लोकं पण काही कमी नाहीत. मे २०२३ मधे दोन हजारची नोट चलनातून काढून घेणार म्हटल्यावर शंभरचं पेट्रोल टाकून वरचे एकोणीसशे मागायचे, अन् सुट्टे नाही म्हटलं की पंपवाले चोर. आता ऑनलाईनचं नवीन, पैसे गेले म्हणून मोबाईल दाखवतात, स्पीकर बोलतच नाही, मागचे ओरडतात, आणि शिफ्टला शॉर्ट आलं की त्या पोराच्या पगारातून. कधी कधी खरंच नेट गेलेलं असतं, म्हणून मी लगेच कोणाला खोटं पाडत नाही, गाडीचा नंबर लिहून ठेवते.

आई, एक काम मी केलं ते तुला आवडेल. बायांच्या संडासला कुलूप असायचं, चावी गल्ल्यावर. पेट्रोल टाकलं नाही तरी कोणीही वापरू शकतं ते, पण चार माणसांत चावी कोण मागेल? लग्नाच्या गाडीतली एक बाई दोनदा गल्ल्यापर्यंत आली आणि तशीच परत गेली. ते बघून मी शेठशी भांडली. आता कुलूप नाही. मावशी कुरकुर करते साफ करताना, तिला त्याचे वेगळे पैसे पाहिजेत आणि ते बरोबर पण आहे.

बाबा, उन्हाळ्यात पहाटे टाकलं की जास्त मिळतं म्हणून तुम्ही सहाला उठून जातात ना, नका जाऊ. टाकी जमिनीखाली असते, तिथे पहाट काय अन् दुपार काय, फार फरक पडत नाही. त्यापेक्षा तुमच्या गाडीच्या टाकीच्या झाकणाचं रबर बदला, मागच्या वेळी मी बोट लावलं तर तुकडाच हातात आला. आता पेट्रोलमधे २० टक्के इथेनॉल असतं, पावसाचं पाणी आत गेलं की ते इथेनॉल पाण्याला धरून तळाला बसतं आणि गाडी बंद. दर जुलैत कोणीतरी गाडी ढकलत आमच्याकडे येतं, मनी गाडी बंद पडनी, तुमनं पेट्रोल खराब शे. तुम्ही तसं कुठल्या पंपावर भांडायला गेले तर मला पंपवाल्याच्या बाजूने बोलावं लागेल.

रविवारी सुट्टी मिळतेय असं वाटतंय, नक्की नाही. सांजोऱ्या संपवू नका.

तुमची
छोटी