ग्रेट यारमथच्या नेल्सन स्तंभाचे दार अधिक दिवस उघडे ठेवावे

प्रति,
माननीय वारसा मंत्री,
ब्रिटिश सरकार, लंडन

माननीय महोदय,

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवली आहे. तेच पत्र मराठीतही का प्रसिद्ध करीत आहे, हे पुढे स्पष्ट होईल.

नॉरफोकच्या किनाऱ्यावरील ग्रेट यारमथ येथे १८१९ साली पूर्ण झालेला ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचा स्मृतिस्तंभ १४४ फूट उंच असून लंडनच्या ट्रफाल्गर चौकातील स्तंभाहून वीसेक वर्षांनी जुना आहे. तरीही तो वर्षातून मोजकेच दिवस आतून पाहता येतो. गेल्या उन्हाळ्यात आम्हाला असा एक दिवस साधला. विल्यम विल्किन्सने रचलेला हा डोरिक (प्राचीन ग्रीक शैलीतला) खांब आज गोदामांच्या आणि कारखान्यांच्या गर्दीत उभा आहे, त्यामुळे जवळ जाईपर्यंत त्याची उंची नीटशी जाणवत नाही. आत अरुंद गोल जिना आहे, २१७ पायऱ्यांचा. शंभरेक पायऱ्या झाल्यावर आमचे बोलणे आपोआप थांबले. ऐकू येत होता तो पुढच्याच्या बुटांचा आवाज, आणि तळहाताला लागत होता दगडाचा गारवा. वर पोहोचल्यावर एका बाजूला यार नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्रातल्या पवनचक्क्या दिसल्या. स्तंभाच्या माथ्यावरची ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचे प्रतीक असलेली स्त्रीमूर्ती, मात्र समुद्राकडे पाठ करून उभी आहे. ती नेल्सनच्या जन्मगावाकडे, बर्नहॅम थॉर्पकडे पाहते असे म्हणतात.

स्तंभावर नेल्सनच्या चार जहाजांची नावे कोरलेली आहेत. त्यांतील ‘व्हॅनगार्ड’चा संबंध थेट मुंबईशी येतो. १७९८ च्या ऑगस्टमध्ये नाईलच्या मुखाशी फ्रेंच आरमाराचा धुव्वा उडवल्यावर नेल्सनने याच जहाजावरून मुंबईच्या गव्हर्नरला पत्र लिहिले आणि एका अधिकाऱ्याला ते घेऊन खुष्कीच्या मार्गाने धाडले, कारण नेपोलियन इजिप्तमार्गे हिंदुस्थानावर चालून येईल ही धास्ती तिथे होती. कृतज्ञ ईस्ट इंडिया कंपनीने त्याला १०,००० पौंड बक्षीस दिले. कंपनीच्या तिजोरीत पैसा कुठून येत असे, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. म्हणूनच हा स्तंभ आम्हालाही आपल्या इतिहासाचा भाग वाटतो, प्रेमाने नसला तरी हिशोबाने.

माझी मागणी साधी आहे. एके काळी या स्तंभाला स्वतःचा रखवालदार होता. नेल्सनला जिथे वीरमरण आले त्या ट्रफाल्गरच्या लढाईत त्याच्या ‘व्हिक्टरी’ जहाजावर असलेल्या जेम्स शार्मन या खलाशाने ते काम अनेक वर्षे केले. तसा पगारी माणूस पुन्हा नेमण्यासाठी आपल्या खात्याने निधी द्यावा, म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर या काळात आठवड्यातून निदान दोन दिवस दार उघडे ठेवता येईल. जिना अरुंद असल्याने एका वेळी थोडेच लोक चढू शकतात, हे मान्य. पण त्यावर उपाय दिवस वाढवणे हाच आहे, कमी ठेवणे नव्हे. शिवाय खाली मुंबईच्या त्या पत्राची माहिती देणारा एक फलक लावावा. गुडघेदुखीमुळे आमच्या सासूबाई तासभर पायथ्याशीच बसल्या होत्या. त्यांना वाचायला तेवढे तरी मिळाले असते.

येत्या २१ ऑक्टोबरच्या ट्रफाल्गर दिनापूर्वी आपले उत्तर यावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
नॉरफोकमधील एक मराठी रहिवासी