लोंगेवालाच्या वाळूतून

जैसलमेर, १८ जानेवारी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर "गाडी मस्त पळतेय" म्हटलं, ते अर्धंच खरं होतं. आई, तुझा आवाज ऐकल्यावर पुढचं सांगवेना. तानोटहून लोंगेवालाला येताना मी पडले. डावा गुडघा खरचटलाय, बाकी काही नाही. देवळासमोर उभी राहून शपथेवर सांगेन, पण तू फोटो मागशीलच, म्हणून पाठवतेय.

झालं असं, की तानोटमातेचं दर्शन घेऊन दुपारी निघाले. १९६५ च्या युद्धात पडलेले, न फुटलेले गोळे देवळात काचेआड ठेवलेत. देऊळ बीएसएफचे जवान सांभाळतात. तिथे नवसाचे रुमाल बांधतात, तुझ्या नावाचा एक बांधून आले. पेट्रोल रामगढलाच काठोकाठ भरलं होतं. रस्ता गुळगुळीत, खाली-वर होत जाणारा. माणूस नाही की गाडी नाही, मधूनच एखादं खेजडीचं झाड. एक उतार संपला आणि समोर वाळू. वाऱ्याने उचलून रस्त्यावर आणून टाकलेली, कडेला पातळ आणि मधे वीतभर. बाबा, "वाळूत पुढचा ब्रेक दाबायचा नाही, थ्रॉटल सोडायचा नाही, नजर लांब" हे तुमचं पाठ होतं. हाताने तरी ब्रेक दाबलाच.

गाडी आडवी, मी शेजारी. इंजिन बंद केल्यावर निवत जाणाऱ्या धातूची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. बॅगा सोडल्या, पाठ सीटला लावून पायांच्या जोरावर उचलायला गेले. वाळूत पायच ठरेनात. तेवढ्यात शेळ्या घेऊन एक आजोबा आले. "अकेली?" एवढंच. आपल्या गल्लीत याच्यापुढे पंधरा मिनिटांचं प्रवचन होतं. आजोबांनी हँडल धरलं, गाडी उभी केली, गोणपाटात गुंडाळलेल्या कॅनमधलं पाणी दिलं आणि विचारलं, "एवरेज कितना देती है?"

क्लचची लिव्हर मात्र बुडापासून मोडली होती. बाबा, मुंबई नाक्यावर निघताना तुम्ही बॅगेत जादाची लिव्हर आणि दहाचा पाना कोंबलात, तेव्हा मी वैतागले होते. "ओझं कशाला?" म्हणाले होते. दहा मिनिटांत लिव्हर बदलली. ओझरच्या विमान कारखान्यात आयुष्यभर मिग विमानं उघडली-जोडलीत, तुम्हाला काय सांगायचं!

लोंगेवालाला तुमचीच आठवण येत होती. डिसेंबर १९७१ च्या पाकिस्तानशी झालेल्या युद्धात मेजर कुलदीपसिंग चांदपुरींच्या तुकडीने रात्रभर इथली चौकी धरून ठेवली, कारण आपली हंटर विमानं अंधारात लढू शकत नव्हती. उजाडल्यावर ती आली. शत्रूचे रणगाडेही याच वाळूत रुतले होते. तिथे माझ्या गाडीची काय कथा!

थंडी निफाडची आठवण करून देणारी आहे. आई, तुझं मेतकूट संपलं. चिवड्यात वाळू गेली, तरी खातेय.

उद्या सकाळी इथल्या वॉर मेमोरियलमधलं हंटर बघून बारमेरला निघते. बाबा, आतून फोटो काढू देतात का विचारते. कुठला भाग हवा ते रात्री कळवा. अंधार पडल्यावर गाडी चालवणार नाही, आणि पडले तर त्याच दिवशी सांगेन.

तुमची,
छोटी