सातबाऱ्यावर नाव आले, पण घरापर्यंतचा रस्ता कोणाच्या नावावर?

प्रति,
मा. महसूल मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : पुण्याच्या उपनगरांतील गुंठ्यांचे नियमितीकरण आणि प्लॉटिंगमधील अंतर्गत रस्ते

महोदय,

१५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळात झालेले तुकड्यांचे (ठरलेल्या किमान क्षेत्राहून लहान जमिनीचे) व्यवहार विनाशुल्क नियमित करण्याचा निर्णय आपल्या विभागाने २०२५ मध्ये घेतला. धायरी, किरकटवाडी, आंबेगाव, मांजरी, वाघोली या पट्ट्यात एक-दोन गुंठ्यांवर स्वतःचे घर बांधून राहणाऱ्यांना त्याचा खरा उपयोग आहे. ‘तुकडेबंदीविरुद्ध व्यवहार’ हा शेरा निघेल आणि नाव सातबाऱ्यावर चढेल. हे व्हायलाच हवे होते. मात्र आदेश एकेका प्लॉटचे निघत गेले, तर दोन प्लॉटांच्या मधला रस्ता कोणत्याच आदेशात येणार नाही. या पट्ट्यातल्या बैठ्या घरांचे निम्मे मोल त्या रस्त्यावर ठरते.

एका एकराचा हिशेब पाहावा. ४० गुंठे म्हणजे ४३,५६० चौरस फूट, साधारण २०९ फूट बाजूचा चौरस. मधून २० फुटी रस्ता काढला तर ४,१८० चौरस फूट, म्हणजे पावणेचार गुंठ्यांहून थोडे जास्त, त्यात जातात. विक्री मग दोन तऱ्हांनी होते.

पहिली तऱ्हा ‘रस्त्यासह गुंठा’. कागदावर पूर्ण ४० गुंठे विकले जातात. खरेदीखतात १,०८९ चौरस फूट लिहिलेले असतात, जागेवर भरतात जेमतेम ९८४. बांधकाम परवानगीसाठी मोजणी आणली की हा फरक उघडा पडतो. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येते ते प्रमाण) १.१ च्या वर जात नाही. म्हणजे जिथे मूळ एफएसआयने १,१९८ चौरस फूट बांधता येतील असे वाटले होते, तिथे १,०८३ च मिळतात.

दुसरी तऱ्हा ‘नेट गुंठा’. ही वरून जास्त सचोटीची दिसते आणि हीच जास्त घातक आहे. ३६ गुंठे विकले जातात आणि रस्त्याचे उरलेले क्षेत्र मूळ मालकाच्या सातबाऱ्यावर शेतजमीन म्हणून तसेच राहते. त्यावर रस्ता असल्याचे कुठेच लिहिलेले नसते. मालक गेल्यावर वारस नोंद होते. वारसांपैकी एखादा गेट लावतो, ड्रेनेजची लाईन टाकू देण्याचे पैसे मागतो किंवा ते क्षेत्र तिऱ्हाइताला विकून मोकळा होतो. घेणारा सातबारा पाहतो, तर तो स्वच्छ असतो.

आता त्याच गल्लीतले कोणतेही खरेदीखत उघडावे. चतुःसीमेत, म्हणजे चारही बाजूंच्या हद्दींच्या वर्णनात, ‘पूर्वेस : रस्ता’ असे लिहिलेले सापडेल. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्था कर आणि मेट्रो अधिभार मिळून ७ टक्के (महिलेच्या नावे ६ टक्के) भरून तो दस्त नोंदवलेला असतो. रस्ता कोणत्या गटातला, किती फुटी आणि कोणाच्या मालकीचा, हे नोंदणीच्या वेळी कोणी विचारत नाही.

अडवणूक झाली की लोक तहसीलदारांकडे जातात. जमीन महसूल अधिनियमाचे कलम १४३ शेतात जाण्याच्या वाटेसाठी आहे. मामलेदार न्यायालय अधिनियमात अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत यावे लागते, आणि बहुतेकांना हे सातव्या महिन्यात कळते. पुढे दिवाणी दावा. तोवर महापालिका खासगी जागेवर ड्रेनेज किंवा डांबर टाकायला तयार नसते. २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या २३ गावांत भर म्हणून नियोजन पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) ठेवले गेले. रस्ता ताब्यात घ्या, अशी विनंती कोणाला करायची यातच तिथल्या रहिवाशांची वर्षे गेली.

मंजूर लेआऊट घ्यायचा होता, असे म्हणणे सोपे आहे. त्याच एकरात नऊ मीटरचा रस्ता आणि दहा टक्के मोकळी जागा सोडली की विकायला साधारण ३० गुंठे उरतात. जमिनीची तीच किंमत ४० ऐवजी ३० ने भागली की गुंठा एक तृतीयांशाने महागतो, आणि परवानगीचा खर्च वेगळाच. स्वस्त गुंठ्याचा स्वस्तपणा रस्त्यातून काढलेला आहे. नोकरदार कुटुंबाला हे सांगणारा माणूस विक्रीच्या टेबलावर नसतो.

नोंदणी, भूमी अभिलेख आणि तहसील ही तिन्ही कार्यालये आपल्याच विभागात आहेत, म्हणून मागणी आपल्याकडे.

नियमितीकरणाचा आदेश देण्याआधी प्लॉटची नव्हे, अख्ख्या गटाची एकत्र मोजणी करावी. सुट्या मोजणीत प्रत्येक वेळी शेजारच्या भिंतीलाच हद्द धरली जाते, दर प्लॉटला फूटभर सरकते आणि सगळी तूट शेवटच्या घरावर येते. एकत्र मोजणीत बाहेरची हद्द एकदाच कायम होते. रस्त्याचा स्वतंत्र पोटहिस्सा पाडावा, ‘रस्त्यासह’ विक्री असेल तिथे प्रत्येकाचे क्षेत्र त्या प्रमाणात दुरुस्त करावे आणि रस्ता महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नावे करावा. ‘नेट’ विक्री असेल तिथे मूळ मालकाची किंवा वारसांची संमती घ्यावी. ती मिळाली नाही, तर त्यांच्याच खरेदीखतांतल्या चतुःसीमांच्या आधारे वहिवाटीच्या हक्काची नोंद निदान ‘इतर हक्क’ रकान्यात घ्यावी, म्हणजे पुढच्या खरेदीदाराला ती दिसेल.

रुंदीबाबत मात्र हट्ट नको. घरे उभी असलेल्या गल्लीत नऊ मीटरची अट घातली तर एकही रस्ता नोंदला जाणार नाही. जो आहे तो नोंदवा, पण ओटे आणि पायऱ्या वजा करून, सर्वांत अरुंद ठिकाणी मोजून. रुग्णवाहिका आणि पाण्याचा टँकर तिथेच अडकतो.

नव्या दस्तांसाठी दस्तनोंदणीच्या ‘आय-सरिता’ प्रणालीत एक बदल पुरेल. चतुःसीमेत ‘रस्ता’ लिहिला की गट क्रमांक, रुंदी, मालकाचे नाव आणि नकाशा भरल्याशिवाय दस्त पुढे जाऊ नये. रस्ता विक्रेत्याच्या उरलेल्या क्षेत्रात असेल, तर कायम वहिवाटीचा हक्क त्याच दस्तात लिहून घ्यावा आणि त्याच फेरफाराने नोंदवावा. विक्रेत्याच्या नावे किती क्षेत्र शिल्लक आहे, हेही त्याच पडद्यावर दुय्यम निबंधकांना दिसावे. आज चाळिसाव्या गुंठ्यानंतर एकेचाळिसावाही नोंदला जाऊ शकतो. फेरफार नामंजूर होतो तेव्हा शुल्क भरून झालेले असते आणि विक्रेता फोन उचलत नाही.

नियमितीकरणाचे अर्ज तलाठी कार्यालयांत येत आहेत. गटाच्या एकत्र मोजणीचे परिपत्रक त्यांवर आदेश निघण्याआधी यावे, ही विनंती.

आपले,
पुण्याच्या उपनगरांत जमिनीची कागदपत्रे आणि मोजणी तपासणारे